शब्दांच्या तासाला बंद पडणारा ब्राउझर

ह्यांना झटका आला आणि उजवी बाजू गेली, तेव्हा डॉक्टरांनी हाताचं आणि पायाचं नीट समजावून सांगितलं. बोलण्याचं आम्हाला नंतर कळलं. शुद्धीवर आल्यावर ह्यांनी मला ओळखलं, डोळे भरून आले, आणि तोंड उघडून म्हणाले, "झालं." मला वाटलं, बरोबरच म्हणतायत. मग नर्सने पाणी पुढे केलं, तेव्हाही "झालं." लेक भेटायला आली, तिच्याकडे बघून "झालं." रागावले तरी तेच, आणि उशी सरकवून हवी असली तरी तेच. आतमध्ये सगळं शाबूत होतं. लोक काय बोलतायत ते कळत असतं, आपल्याला काय म्हणायचंय तेही, पण तोंडातून मात्र एकच शब्द बाहेर पडतो, असं होतं म्हणे काहींना.

आमचं घर कोपरखैरण्याला, दुसऱ्या मजल्यावर. बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही. वाशीला बोलण्याचे व्यायाम शिकवणारं एक केंद्र होतं. तिथे दोनदा नेलं. खालच्या मजल्यावरच्या दोघांनी ह्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचलून उतरवलं आणि तसंच परत वर आणलं. दुसऱ्या वेळी वर येताना जिन्याच्या वळणावर खुर्ची कलली. ह्यांनी डाव्या हाताने कठडा धरला तो सोडेचनात. घरी आल्यावर कितीतरी वेळ भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी केंद्रात फोन करून सांगितलं, आमच्याने नाही जमायचं.

तिथल्या थेरपिस्ट मॅडम माझ्या लेकीपेक्षाही लहान. त्या म्हणाल्या, "काकू, ऑनलाइन करू या. लॅपटॉप आहे ना घरी?"

लॅपटॉप होता. लेकीचा कॉलेजातला, ती लग्न होऊन पुण्याला गेली तेव्हा मागे राहिलेला. त्यावर ब्राउझर उघडायचा, केंद्राचं पान उघडायचं, कॅमेऱ्याला आणि माइकला परवानगी द्यायची, की एका बाजूला मॅडम दिसायच्या आणि दुसऱ्या बाजूला चित्रं. कप, चप्पल, चावी, केळं. ह्यांनी चित्र बघून नाव घ्यायचं. आठवड्यातून तीन दुपारी, पाऊण तास.

मी तेव्हा एका शाळेच्या ऑफिसात सकाळच्या पाळीला होते, अजूनही आहे. सकाळी एक मावशी येऊन ह्यांच्याजवळ बसायच्या. मी दुपारी परत आले की त्या जायच्या. मग ह्यांचं जेवण, औषधं, कपडे बदलणं, पायाचा व्यायाम, आणि त्यानंतर हा तास. तो तास म्हणजे मला वाटायचं, चला, आता पाऊण तास मॅडम सांभाळतील ह्यांना, आपण जरा पाठ टेकू. ती पाठ टेकायची वेळ काही आली नाही, कारण ब्राउझर बंद पडायला लागला.

आधी चित्र गोठायचं. मॅडमचं तोंड अर्धवट उघडं राहायचं. लॅपटॉपच्या पोटातला पंखा जोरात घरघरायला लागायचा आणि मग सगळी खिडकीच्या खिडकी नाहीशी. मागे उरायचा तो पडद्यावरचा नातीचा फोटो, बोळकं पसरून हसणारा. मी धावत यायचे, ब्राउझर पुन्हा उघडायचे. ते पान विचारायचं, मघाची पानं परत आणू का? हो म्हटलं की पुन्हा पासवर्ड, पुन्हा कॅमेऱ्याची परवानगी. मॅडम पुन्हा दिसेपर्यंत ह्यांची मान खाली गेलेली असायची.

एका दुपारचं मला चांगलं आठवतंय. कपाचं चित्र होतं. ह्यांचे ओठ हलत होते. मॅडम हळूच म्हणत होत्या, "क... काका, क..." आणि ह्यांच्या घशातून खरंच काहीतरी आलं, "क्..." असं. मी कणीक मळता मळता थांबले. आणि खिडकी गेली.

"झालं," हे म्हणाले.

झटका आल्यापासून पहिल्यांदाच तो शब्द जागच्या जागी बसला होता. मला हसू आलं. पिठाचे हात तसेच धरून मी हसत उभी राहिले. ह्यांना नाही आलं हसू. त्यांनी डावा हात टेबलावरून उचलून मांडीवर ठेवला, जसं काही त्यांचाच धक्का लागून काही मोडलं होतं. त्यानंतर दर वेळी ते तसंच करायला लागले. खिडकी गेली की हात मागे. मी म्हणायचे, "अहो, तुमच्यामुळे नाही. मशीनच खराब आहे ते." ते मान हलवायचे, पण हात मागेच.

लेकीला फोन लावला. तिच्या कडेवर बाळ, पलीकडे कुकर.

"आई, टॅब किती उघडे आहेत?"

"एकच आहे गं, मॅडमचा."

"वर बघ ना, त्या बारीक बारीक पट्ट्या."

वर बघितलं तर पट्ट्याच पट्ट्या. विजेचं बिल, हॉस्पिटलचे रिपोर्ट, पायाच्या व्यायामाचे व्हिडिओ, नाचणीच्या सत्त्वाची कृती, माझं शाळेचं पान, ते तर चार वेळा. मी कधी बंदच करत नव्हते. माझी समजूत अशी होती की दुसरं पान उघडलं की पहिलं आपोआप मिटतं. लेक म्हणाली, "प्रत्येक पान मेमरी खातं. मग जागा उरत नाही आणि सगळंच कोसळतं. सगळी बंद कर, आणि तासाच्या आधी लॅपटॉप एकदा रिस्टार्ट करत जा."

तसं केलं. तो आठवडा बरा गेला. मग पुन्हा खिडकी गेली.

ती म्हणाली, ब्राउझरचा जुना साठा पुसून टाक. पुसला, तर त्याबरोबर सगळे पासवर्डही गेले. शाळेचं पान मला ओळखेना, गॅसचं बुकिंग होईना. त्या दिवशी तास झालाच नाही, कारण केंद्राचा पासवर्ड मला आठवत नव्हता आणि नवा मागितला तर त्याचा निरोप ह्यांच्या फोनवर जात होता, जो चार्ज नव्हता. मॅडमनी फोन केला, "राहू द्या काकू, परवा भेटू." आवाजात राग नव्हता. मलाच रडू फुटलं. पासवर्डसाठी काय रडायचं, पण तेव्हा रडायला काहीही पुरायचं.

मग दुसरा ब्राउझर घेऊन बघितला. त्याला केंद्राच्या पानावर कॅमेराच सापडेना. मॅडमना आम्ही काळा चौकोन दिसायचो. पुन्हा पहिल्यावर आले.

आणि मग ती दुपार. मी शाळेतून उन्हाची चालत आले होते. मावशी लवकर गेल्या होत्या, ह्यांच्या शर्टावर वरण सांडलेलं तसंच वाळलं होतं. तास सुरू होऊन चहा उकळेपर्यंत खिडकी गेली. पुन्हा उघडली, पुन्हा गेली. माझं डोकं फिरलं. मी मॅडमना सांगितलं, आज नको, आणि खुर्ची ओढून लॅपटॉपसमोर बसले. आज ह्याला बघतेच. सेटिंग उघडली. अपडेट मागत होतं, ते दिलं. अपडेट होतंय तोवर वाटलं डिस्क भरलीय, म्हणून लग्नाचे व्हिडिओ उडवले. लेक एकदा काहीतरी बंद करायला म्हणाली होती, ते बंद केलं. जे दिसेल त्याच्यावर बोट दाबत सुटले होते. कशाला काय म्हणतात ते वाचतही नव्हते.

हे शेजारी बसले होते. त्यांनी डाव्या हाताचं बोट वर केलं.

मी म्हटलं, "थांबा हो, आलेच." त्यांनी पुन्हा बोट वर केलं. "झालं," म्हणाले. मला वाटलं, बाथरूमला जायचंय. करंगळी नव्हती, तर्जनी होती. पण बोट वर म्हणजे बाथरूम हे इतकं डोक्यात बसलेलं, की मी नीट बघितलंच नाही. उठले, त्यांना खांद्याला धरून उभं केलं. तेव्हा ते म्हणजे मोठं काम असायचं. एक पाय टाकायचा, दुसरा ओढायचा, दाराशी थांबायचं, वळायचं. आत नेऊन उभं केलं. ते नुसतेच उभे. माझ्याकडे असे बघत होते की खाऊ का गिळू.

"होत नाहीये का?"

"झालं! झालं झालं झालं!" डाव्या हाताने भिंतीवर चापट्या मारत म्हणाले.

तसंच परत आणलं. दोघांनाही धाप लागली होती. खुर्चीत बसल्याबरोबर पुन्हा तेच बोट वर. मग त्या बोटाने लॅपटॉप दाखवला. मग मूठ करून, मनगट फिरवून, स्क्रू काढल्यासारखं केलं. आणि पुन्हा एक बोट.

तेव्हा माझ्या लक्षात आलं.

हे तुर्भ्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. नोकरी तिथेच केली, तिथूनच निवृत्त झाले. घरातलं काही बिघडलं तरी मेकॅनिक कधी बोलावला नाही. पण दुरुस्ती इतकी सावकाश करायचे की माझा जीव जायचा. वॉशिंग मशीन आठवडाभर उघडं पडलं होतं एकदा. रोज संध्याकाळी एकच काहीतरी बदलायचं, चालवून बघायचं, नाही जमलं तर ते होतं तसं परत बसवायचं आणि दुसऱ्या दिवशी पुढचं. मी ओरडायचे, सगळं एकदम बदलून टाका ना, मला बादल्यांनी धुवावं लागतंय. ते म्हणायचे, "एका वेळी एकच हलवायचं. दोन हलवलं आणि चालू झालं, तर कशाने झालं ते कसं कळणार? आणि पुन्हा बंद पडलं, तर कुठे बघणार?"

मी म्हटलं, "एका वेळी एकच?"

ह्यांनी डोळे मिटले आणि मान मागे टेकली. किती दमले होते मला तेवढं सांगताना.

मी केलेलं जेवढं आठवत होतं तेवढं पूर्ववत केलं. अपडेट राहू दिलं. मग लेकीला फोन करून म्हटलं, आता मला एका वेळी एकच सांग. ती म्हणाली, "बाबा म्हणाले का?" मी म्हटलं, "म्हणाले." ती पलीकडे नाक ओढत राहिली थोडा वेळ.

मग तिने सांगितलं, आधी ब्राउझरची खासगी, इन्कॉग्निटो म्हणतात ती खिडकी उघडून त्यात तास कर. त्या खिडकीत बाहेरून जोडलेली एक्स्टेन्शनं चालत नाहीत. तिथेही बंद पडला तर दोष दुसरीकडे, नाही पडला तर त्या जोडलेल्यांपैकीच कोणीतरी. तसं केलं. पूर्ण पाऊण तास खिडकी टिकली. शेवटच्या मिनिटाला मी श्वास रोखून उभी होते. मॅडम बाय करून गेल्या तेव्हा ह्यांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या.

"नाही पडला," मी म्हटलं. "जोडलेल्यांपैकीच कोणीतरी आहे."

त्यांनी मान डोलावली. कामावरचा माणूस डोलावतो तशी.

किती काय काय जोडलेलं होतं त्या ब्राउझरला! खरेदीवर सूट शोधणारं, पीडीएफ बनवणारं, जाहिराती अडवणारं, स्क्रीनचा फोटो काढणारं, मराठी टाइप करायचं, व्हिडिओ उतरवून घेणारं. काही लेकीची असतील, काही जावयाची. काही लॅपटॉप मागून नेणाऱ्या कोणीतरी घातली असतील, काही कशाबरोबर आपोआप आली असतील. सगळी बंद केली आणि साध्या खिडकीत तास केला, ठीक गेला. मग दर तासाला एकच चालू करून बघायचं. तासच आठवड्यातून तीन, त्यामुळे हे बरेच दिवस चाललं. पण त्या दिवसांत घरात काहीतरी वेगळंच सुरू होतं. तास संपला की मी ह्यांना सांगायचे, "आज जाहिरातवालं चालू ठेवलं होतं. काही नाही झालं. परवा पीडीएफवालं." ते नीट ऐकायचे. एखाद्या दिवशी मी सांगायला विसरले तर टेबलावर बोटाने टकटक करायचे. झटक्यापासून त्यांना जेवा, गिळा, पाय उचला, हेच सांगत होते मी. कामाचं काही सांगितलं नव्हतं.

व्हिडिओ उतरवून घेणारं चालू केलं त्या दुपारी, दुसऱ्याच चित्राला पंखा घरघरला आणि खिडकी गेली. ह्यांनी हात मांडीवर घेतला नाही. दोघांनीही एकमेकांकडे बघितलं.

"सापडलं," मी म्हटलं, आणि ते कायमचं काढून टाकलं.

त्यानंतरही अधूनमधून चित्र गोठायचं, पण खिडकी जायची नाही. लेक म्हणाली, पडद्यावर चित्र उमटवायचं काम ब्राउझर वेगळ्या चिपवर टाकतो, जुन्या लॅपटॉपला ते झेपत नाही, सेटिंगमध्ये ती सोय बंद कर. केली. ते तेवढ्यावर थांबलं. लॅपटॉप आधी टेबलावर उशी घालून तिच्यावर ठेवत होते, तो पाटावर ठेवायला लागले, म्हणजे खालून हवा लागते. अपडेट तासाच्या वेळी नाही, रविवारी सकाळी. तासाआधी रिस्टार्ट आणि एकच पान. एवढं पाळलं की मग महिन्यातून एखाद्या वेळी बंद पडायचा. तेवढं चालतं.

मला वाटलं, आता सुटले.

पण ब्राउझर बंद पडायचा थांबला, तेव्हा पहिल्यांदा माझं लक्ष खिडकीवरून उठून तासाकडे गेलं. पूर्ण पाऊण तास. कपाचं चित्र. ओठ हलायचे, घसा हलायचा, कपाळावर घाम यायचा, आणि बाहेर यायचं, "झालं." मॅडम म्हणायच्या, "काही हरकत नाही काका. क..." पुन्हा "झालं." चप्पल, झालं. चावी, झालं. आधी खिडकी जायची, आणि आम्ही म्हणायचो, बघा, आता आलाच असता शब्द. आता मध्ये जायला काही नव्हतं. शब्द येत नव्हता आणि येत नाही हे स्वच्छ दिसत होतं, न गोठता, न अडखळता. स्वयंपाकघरातून ऐकताना माझ्या मनात आलं, ते बंद पडणं बरं होतं. ह्यांच्याही मनात आलं असेल, कारण एकदा त्यांनी मधेच त्या वरच्या पट्टीकडे बोट दाखवलं. तिथे फुलीचं चिन्ह असतं, ज्यावर दाबलं की सगळं मिटतं. मी म्हटलं, "नाही हो. तास व्हायचाय अजून."

असं बरेच आठवडे गेले. एका दुपारी मॅडमनी केळ्याचं चित्र लावलं. तेच केळं, शंभरदा बघितलेलं. ह्यांनी चित्राकडे बघितलं, मग मॅडमकडे, आणि डाव्या हाताने टेबल ढकललं. लॅपटॉप पाटासकट सरकला. मी धरायला धावले.

"नको," हे म्हणाले.

मी लॅपटॉप धरून तशीच उभी. पलीकडून मॅडम ओरडल्याच, "काका! काय म्हणालात?"

"नको! नको नको!"

मॅडम टाळ्या वाजवत होत्या. हे चिडलेले, लालबुंद, आणि मॅडम टाळ्या वाजवतायत. "काकू, ऐकलंत ना? नको म्हणाले! काका, बरोबर आहे तुमचं. नको तर नको. आज केळं नको." त्यांनी तास तिथेच संपवला, आणि पुढच्या वेळेपासून पाऊण तासाचा अर्धा केला. म्हणाल्या, दमवत होतो आपण त्यांना.

लेकीला सांगितलं, ती फोनवरच नाचली. मग पुढचे कितीतरी दिवस घरात दुसरं काही ऐकू आलं नाही. भाजी? नको. अंघोळ? नको. शर्ट बदलू? नको. मावशी वैतागल्या, म्हणाल्या, "ताई, आधीचं ते 'झालं' बरं होतं, कामं तरी व्हायची." मीही वैतागले. रोज संध्याकाळी पायाच्या व्यायामाला नको नको ऐकत त्यांचा पाय धरून वर-खाली करायचा, आणि मनात एवढं कळत असायचं की हा शब्द आला म्हणून आनंद व्हायला पाहिजे. व्हायचा कधीकधी. बहुतेक वेळा दमलेलीच असायचे.

नंतर "पाणी" आलं. मग लेकीचं नाव, अर्धं. "कप" मात्र अजून आलेला नाही.

मधे एका दुपारी तास सुरू करून दिला. एकच पान, नीट चाललेलं. आधी मी अर्धा वेळ ह्यांच्या मागे उभीच असायचे, माऊसजवळ हात ठेवून, खिडकी गेली की लगेच झडप घालायला. त्या दिवशी उगाच शेजारच्या खुर्चीत बसले. मॅडम "च... चावी" म्हणत होत्या एवढं ऐकलं.

जाग आली तेव्हा स्क्रीनवर "तास संपला आहे, धन्यवाद" एवढंच लिहिलेलं होतं. मान आखडली होती. हे माझ्याकडे तोंड करून बसले होते. औषधाची वेळ टळून गेली होती. पाणी त्यांच्या हाताच्या अंतरावर होतं, पण तांब्या सरकवला असता तर आवाज झाला असता, म्हणून घेतलं नव्हतं. मॅडमचा मेसेज आला होता: काकू, काकांनी तोंडावर बोट ठेवून मला गप्प केलं, म्हणून तास लवकर संपवला.

मी उठले आणि त्यांना पाणी दिलं.